राज्यशास्त्रात बीए की एलएलबी? बारावीनंतर ठरवायचं कसं

बारावीचा निकाल लागला की ओळखीच्या वकिलाकडे विचारायला येणाऱ्या मुलांचे दोन ठरलेले प्रकार असतात. पहिल्याला निवडणुका, भाषणं, टीव्हीवरच्या चर्चा यांची गोडी असते, आणि घरच्यांनी त्याला सांगितलेलं असतं, 'एवढं बोलतोस तर लॉ कर.' दुसऱ्याला स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात, आणि कुणीतरी कानात सांगितलेलं असतं, 'पॉलिटिकल सायन्स घे, एका दगडात दोन पक्षी.' दोन्ही सल्ले अर्धेमुर्धे बरोबर आहेत. चांगलं बोलणारा चांगला वकील होतोच असं नाही, आणि राज्यशास्त्र घेतल्याने परीक्षेचा अभ्यास आपोआप होत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या आणि काही अंशी गोव्यातल्या मुलांसाठी आहे. घरात आधी कुणी वकील किंवा प्राध्यापक नाही, त्यांच्यासाठी तर जास्तच. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: या दोन डिग्र्यांमध्ये फक्त एका गोष्टीचा पक्का फरक आहे, तो म्हणजे सनद, कोर्टात वकिली करण्याचा परवाना. बाकी जवळजवळ सगळ्या वाटा दोन्हीकडून जातात. त्यामुळे आधी सनदेचं ठरवा, मग स्वतःचा स्वभाव तपासा, आणि कॉलेजचं नाव सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं.

पायरी १ : सनद हवी आहे का?

कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडायची तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे वकील म्हणून नाव नोंदलेलं असावं लागतं. त्यासाठी मान्यताप्राप्त एलएलबी, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, आणि त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. या परीक्षेत मूळ कायद्यांची पुस्तकं सोबत नेता येतात, त्यामुळे तिचा फार बाऊ करू नका. नोंदणीसाठी पूर्वी वेगवेगळ्या नावांखाली बरेच पैसे घेतले जायचे. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्या: खुल्या वर्गासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी वाट इथूनच जाते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससी परीक्षा घेते. पूर्वी ताजा एलएलबी झालेला मुलगा थेट या परीक्षेला बसू शकायचा, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. क्लासवाले जुनी जाहिरात दाखवून 'डिग्री संपताच जज' असं सांगत असतील तर हे लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. यूपीएससी, एमपीएससी, पत्रकारिता, सामाजिक संस्था, प्राध्यापकी, पक्षाचं काम, यांपैकी कशालाच सनद लागत नाही. आमदार-खासदार व्हायला तर कुठल्याच डिग्रीची अट नाही. 'राजकारणात जायचंय म्हणून राज्यशास्त्र' असं म्हणणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो की हा विषय राजकारण समजून घ्यायला शिकवतो, तिकीट मिळवायला शिकवत नाही. यशवंतराव चव्हाणांनी १९३८ मध्ये इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बीए केलं, १९४१ मध्ये एलएलबी केलं आणि कराडला फौजदारी वकिली सुरू केली. दोन्ही डिग्र्या होत्या, पण त्यांचं राजकारण त्याआधीच, स्वातंत्र्य चळवळीत सुरू झालं होतं.

सनदेचं ठरत नसेल तर एक सोपा उपाय आहे. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात एक पूर्ण दिवस जाऊन बसा. न्यायालय खुलं असतं. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर शांत बसलात तर सहसा कुणी हटकत नाही. सकाळी बोर्ड लागतो, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी. मग पुकारा सुरू होतो. पहिल्या तासात तुम्हाला सिनेमातलं काहीही दिसणार नाही. 'साहेब, म्हणणं दाखल करायला मुदत मिळावी', 'साक्षीदार हजर नाही', 'पुढची तारीख द्यावी', असंच चालेल. दुपारनंतर नशीब असेल तर एखादा उलटतपास ऐकायला मिळेल. वकील एकाच सातबारा उताऱ्यावरच्या एका फेरफार नोंदीबद्दल अर्धा तास प्रश्न विचारेल, आणि साक्षीदार शेवटी 'आता आठवत नाही' म्हणेल. हे बघताना कंटाळा आला तर ती माहिती लाखमोलाची आहे. आणि 'त्या नोंदीची तारीख खरेदीखताच्या आधीची कशी?' असा प्रश्न तुमच्याच डोक्यात आला, तर कायद्याकडे जायला हरकत नाही.

पायरी २ : पाच वर्षं की तीन अधिक तीन?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की वकिली करायची तर बारावीनंतर लगेच ठरवायलाच हवं. तसं नाही. दोन रस्ते आहेत.

एक, बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम: बीए एलएलबी, मुंबई विद्यापीठात बीएलएस एलएलबी. दोन, आधी कुठलीही पदवी, मग तीन वर्षांचं एलएलबी. पहिल्याने तुम्ही साधारण तेविसाव्या वर्षी मोकळे होता, दुसऱ्याने चोविसाव्या. फरक फक्त एका वर्षाचा. राज्यात आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीए चार वर्षांचं ऑनर्सही करता येतं, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि एलएलबीला तेवढं पुरतं.

पाच वर्षांच्या कोर्समध्ये एक मेख आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एकत्रित डिग्री मध्येच तोडता येत नाही. तीन वर्षांनी 'मला लॉ नको, माझी बीए द्या' म्हटलंत तर मिळत नाही. बीए झालेल्याला थेट चौथ्या वर्षाला प्रवेशही मिळत नाही. म्हणजे पाच वर्षांचा रस्ता एक वर्ष वाचवतो, पण त्याची किंमत म्हणून परतीचं दार बंद करतो. ज्याचं सनदेचं पक्कं आहे त्याने बिनधास्त तो घ्यावा. ज्याचं 'बघू' चाललंय त्याने राज्यशास्त्रात बीए करावं. ते एक वर्ष वाया जात नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. बीए एलएलबीच्या सुरुवातीच्या वर्षांत राज्यशास्त्राचे पेपर असतातच, सोबत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास. त्यामुळे 'लॉ घेतलं तर राजकारणाचा अभ्यास सुटेल' ही भीती निम्मीच खरी. मात्र ते पेपर बऱ्याच ठिकाणी उरकले जातात.

मुक्त विद्यापीठातून बीए करणाऱ्यांसाठी एक इशारा. बारावी रीतसर करून मग यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. पण दहावी-बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांत तुमचा एलएलबी प्रवेश अडकतो. आणि एलएलबी स्वतः दूरशिक्षणाने होत नाही. तशी डिग्री विकणारा कुणी भेटला तर सनद मिळणार नाही हे धरूनच चाला.

पायरी ३ : रोज काय वाचायला आवडेल?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. एकच प्रकरण घ्या, सगळ्यांना माहीत असलेलं: शिवसेनेतली २०२२ ची फूट आणि त्यावर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला दिलेला निकाल.

कायद्याचा विद्यार्थी हा निकाल उघडतो तेव्हा त्याला राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतले, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीतले शब्द दिसतात. 'राजकीय पक्ष' आणि 'विधिमंडळ पक्ष' यांत फरक काय? प्रतोद, म्हणजे सभागृहात आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा, कुणी नेमायचा? न्यायालय म्हणालं, राजकीय पक्षाने. फक्त आमदारांच्या गटाने नेमलेला प्रतोद चालणार नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्यासाठी त्यांच्यासमोर पुरेसा वस्तुनिष्ठ आधार होता का? न्यायालय म्हणालं, नव्हता. मग जुनं सरकार परत का आलं नाही? कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. अपात्रतेचा निर्णय कुणाचा? अध्यक्षांचा. पूर्वी एकतृतीयांश आमदार फुटले तर संरक्षण मिळायचं, ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढलं. मग आता बचाव काय उरला? असं एकेक सूत धरून पुढे जायचं. इथे तुमचं मत कुणाच्या बाजूने आहे याला शून्य किंमत.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी त्याच घटनेकडे बघून दुसरेच प्रश्न विचारतो. शाखांच्या जाळ्यावर उभ्या राहिलेल्या पक्षात आमदार आणि संघटना यांच्यातली दोरी केव्हा सैल झाली? २०१९ ची आघाडी मतदारसंघात कुणाला जड गेली? १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा असूनही भारतात पक्ष का फुटतात? राज्यपाल हे पद केंद्र-राज्य संबंधात कुठे बसतं? इथे एकच उत्तर नसतं. आकडे, मुलाखती, जुने निकाल, सिद्धांत लावून तुम्हाला आपलं म्हणणं उभं करावं लागतं, आणि शेजारचा त्याच साहित्यातून वेगळं म्हणणं उभं करतो.

या दोन परिच्छेदांपैकी कुठला वाचताना तुम्ही जास्त रेंगाळलात, ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघा. एवढ्याने कळलं नाही तर दोन संध्याकाळी काढा.

पहिल्या संध्याकाळी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १० वाचा. आठ-दहा ओळींचं आहे. कुठला समझोता करार ठरतो, त्याच्या अटी त्यात दिल्यात: पक्षकार सक्षम हवेत, संमती मुक्त हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा. आता प्रश्न असा की सतरा वर्षांच्या मुलाने घर गहाण ठेवून कर्ज घेतलं तर सावकार पैसे वसूल करू शकतो का? उत्तर स्वतः लिहून काढा आणि मग १९०३ चा मोहोरी बीबी खटला शोधा. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, अज्ञानाचा (अठरा वर्षांखालच्याचा) करार मुळातच शून्य ठरवला, आणि सावकाराच्या हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचा. मराठीत सहज मिळतं. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीबद्दल ते बोलतात. वाचून झाल्यावर आपल्याच गावाबद्दल एक पान लिहा: ही विसंगती ग्रामपंचायतीत कशी दिसते? ज्या संध्याकाळी घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, तिकडे तुमचा कल.

पायरी ४ : स्पर्धा परीक्षेसाठी कुठलं बरं?

यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. मुख्य परीक्षेत १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय त्या यादीत आहे, तसा कायदाही आहे. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात राज्यघटना, शासनव्यवहार, परराष्ट्र संबंध येतात, म्हणून राज्यशास्त्रवाल्यांना थोडी आघाडी मिळते. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तिथेही वैकल्पिक विषय आला.

पण खरा मुद्दा वेळेचा आहे. बीएवाला एकविसाव्या वर्षी परीक्षेला बसू शकतो. पाच वर्षांच्या लॉवाल्याची पदवीच तेविसाव्या वर्षी हातात येते. उलट, परीक्षेत यश आलं नाही तर लॉवाल्याच्या हाती सनद असते आणि नुसत्या बीएवाल्याच्या हाती फारसं काही नसतं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत तिशी गाठलेली कितीतरी मुलं आहेत, त्यांच्याशी बोलून बघा. माझा कल असा: स्पर्धा परीक्षा हेच मुख्य ध्येय असेल तर बीए करा, दोन-तीन प्रयत्नांची मुदत घरच्यांसमोर ठरवा, आणि नाही जमलं तर तीन वर्षांचं एलएलबी. त्याच्या सीईटीला वयाची आडकाठी नाही.

पायरी ५ : पहिल्या पाच वर्षांचा खर्च कोण उचलणार?

हा प्रश्न घरी मोकळेपणाने विचारला जात नाही, म्हणून तो विचारा. नवा वकील सीनियरच्या हाताखाली लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्युनियरला मिळणारे पैसे पेट्रोल आणि चहापाण्यात संपतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ते सुचवणंच आहे, सक्ती नाही. स्वतःचे पक्षकार जमायला काही वर्षं जातात. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. कंपन्यांचे विधी विभाग, बँकांतली विधी अधिकारी पदं, सहायक सरकारी अभियोक्ता अशा पगारी वाटा आहेत. त्यांतल्या काहींना वकिलीचा अनुभव मागतात.

राज्यशास्त्राकडे बघायचं तर बीएवर थेट नोकरी क्वचितच मिळते हे गृहीत धरा. पुढे काहीतरी जोडावं लागतं: एमए आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), एमए-बीएड करून ज्युनियर कॉलेज, पत्रकारितेची पदविका, समाजकार्य. दिल्लीत खासदारांसोबत संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्यासाठी पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे. जागा थोड्या आणि स्पर्धा कडक. प्राध्यापकीचं स्वप्न असेल तर सेट झालेल्या आणि वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एखाद्या सरांशी आधी बोला. ते तुम्हाला परावृत्त करतील असं नाही, पण हिशोब खरा सांगतील.

पायरी ६ : भाषेचं बघा, पण घाबरू नका

मराठी माध्यमातल्या मुलांची पहिली शंका हीच असते. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठी चालते. साक्षी, दावे, कैफियती मराठीत असतात. उच्च न्यायालयात इंग्रजी. आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, सातारा-सांगली-सोलापूर-कोकणातल्या नव्या वकिलांना उच्च न्यायालयाचं काम जवळ आलंय, त्यामुळे इंग्रजी कच्चं ठेवणं परवडणारं नाही. रोज निकालाची दोन पानं शब्दकोश घेऊन वाचली तर वर्षभरात फरक पडतो. राज्यशास्त्र मराठीतून नीट शिकता येतं, पण एमएच्या पुढे संशोधन करायचं तर तिथेही इंग्रजी वाचन लागतंच.

पायरी ७ : प्रवेशाचं कॅलेंडर

निकालानंतर जागे झालात तर बीएचं दार उघडं असतं, लॉची निम्मी दारं तोवर बंद झालेली असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट बारावीच्या वर्षातच डिसेंबरमध्ये होते: १२० प्रश्न, दोन तास, फक्त इंग्रजी, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (१८५५ चं), पुण्याचं आयएलएस आणि जिल्ह्याजिल्ह्यातली विधी महाविद्यालयं यांच्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी. ती इंग्रजी-मराठी दोन्हीत असते, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. अर्ज बारावीच्या वर्षात हिवाळ्याच्या सुमारास सुरू होतात. दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र ऑनर्स करायचं तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा. राज्यातल्या बीएसाठी बहुतेक ठिकाणी बारावीचे गुण पुरतात.

लॉ कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघू नका. बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का ते विचारा. ग्रंथालयात भारतीय न्याय संहिता आणि नागरी सुरक्षा संहितेची पुस्तकं आहेत का बघा; १ जुलै २०२४ पासून जुना दंडविधान बदलला, तरी काही कपाटांत अजून तोच आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, मूट कोर्ट (लुटुपुटूच्या खटल्याचा सराव) खरंच होतं की वहीत लिहिलं जातं. हजेरीचा नियम विषयागणिक ७० टक्क्यांचा आहे. 'आमच्याकडे यावं लागत नाही' असं अभिमानाने सांगणारं कॉलेज टाळा.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राची फाइल अकरावीतच समितीकडे द्या. वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाची वैधता झाली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा, काम हलकं होतं. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेयरची मुदत प्रवेशाच्या वर्षापर्यंत आहे ना ते तपासा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास सेतूतून वेळेत काढा, कारण जूनमध्ये तिथे रांग लागते आणि सर्व्हर बसतो.

आणि बीएला प्रवेश घेऊन झालाय, आता लॉचं मन होतंय, असं असेल तर पहिलं वर्ष सोडून धावू नका. तृतीय वर्षात असतानाच तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देता येते. पदवीला खुल्या वर्गात ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात, तेवढे हातचे जाऊ देऊ नका. तोवर सुट्टीत एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसा आणि वकीलपत्र, रोजनाम्याच्या नकला, दाव्याचे मसुदे हाताळून बघा. बहुतेक वकील नाही म्हणत नाहीत. फक्त पक्षकाराची गोष्ट ऑफिसबाहेर जाऊ देऊ नका.